रारोटोंगाला घर घ्यायचंय, पण कुणाकडून?

ताई, नमस्कार.
मी ४४ वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या वर्षी ऑकलंडला बहिणीकडे आलो होतो, तेव्हा आठवडाभर प्रशांत महासागरातल्या कुक बेटांपैकी रारोटोंगाला जाऊन आलो. तेव्हापासून ते बेट डोक्यातून जात नाही. निळंशार पाणी, मोकळा रस्ता, कुणाला कसली घाई नाही. वारज्याचा फ्लॅट विकायचा, तिथे समुद्राजवळ लहानसं घर घ्यायचं आणि आत्ताचंच काम लॅपटॉपवर करायचं, असा विचार आहे. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणते, "तू म्हणशील तसं." मुलगी १२ वर्षांची. आई ७१ वर्षांची, साताऱ्याला एकटी राहते आणि सातारा सोडायला तयार नाही. नातेवाईक वेड्यात काढतात. मला दोनच गोष्टी सांगा. तिकडे घर घ्यायला सुरुवात कुठून करू? आणि आईला कसं पटवू?
— अ. कु., पुणे

अ. कु., नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, म्हणजे पुढचं बोलायला आपण मोकळे. रारोटोंगाला तुम्ही जे घर म्हणताय ते विकत मिळत नाही. म्हणजे महाग आहे असं नाही, जमीन तिथे विकलीच जात नाही. तुम्हाला नाही, तुमच्या ऑकलंडच्या बहिणीला नाही आणि शेजारच्या गावातल्या स्थानिक माणसालाही नाही. कुक बेटांवर जमीन घराण्याची असते आणि जन्माने मिळते, आईकडूनही आणि वडिलांकडूनही. बाहेरच्याला मिळतं ते भाडेपत्र, जास्तीत जास्त ६० वर्षांचं. परक्याला पाच वर्षांहून अधिक मुदत हवी असेल तर त्याला वेगळी मंजुरी घ्यावी लागते. इंटरनेटवर समुद्रकाठच्या घरांचे फोटो टाकून खाली 'विक्रीस' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ती विक्री त्या भाडेपत्राच्या उरलेल्या वर्षांची असते. साठातली किती वर्षं शिल्लक आहेत हे बारीक अक्षरात असतं, तेवढं वाचा.

कोकणातला सातबारा तुम्ही कधी पाहिला असेल तर पुढचं पटकन समजेल. आजोबांच्या नावावरची वाडी, मग पाच मुलं, मग त्यांची मुलं, त्यातली निम्मी मुंबईत. शेवटी चार गुंठ्यांवर तीस नावं आणि कुंपण घालायचं तरी सगळ्यांच्या सह्या. रारोटोंगाचा कारभार हाच, फक्त तिथले हिस्सेदार मुंबईऐवजी ऑकलंडला आणि सिडनीला असतात. मी दक्षिण ऑकलंडला राहते. आमच्या भागात कुक बेटांवरची माणसं गल्लोगल्ली आहेत. शेजारच्या आजींचा तिकडच्या एका तुकड्यात हिस्सा आहे आणि घर बांधायला भावंडांची, मावसभावंडांची संमती गोळा करण्यात त्यांचं म्हातारपण चाललंय. तुमचं पत्र मी त्यांना सांगितलं तर त्या खूप वेळ हसल्या. वाईट हेतूने नव्हे. जिथे त्यांना स्वतःलाच जागा मिळेना, तिथे वारज्याचा फ्लॅट विकून कुणी येणार, याची त्यांना गंमत वाटली.

तुम्ही बेटाला चक्कर मारलीच असेल. ३२ किलोमीटरचा गोल रस्ता, एक बस घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाते आणि दुसरी उलट. त्या रस्त्यावर घरांच्या पुढ्यात, अंगणातच थडगी दिसतात. पांढरा रंग दिलेली, काहींवर छप्पर घातलेलं, फुलं ठेवलेली. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. पण घर घ्यायला निघालेल्या माणसाने ती नीट पाहावीत. पणजीला अंगणात पुरलं आहे ती जमीन मधल्या ६० वर्षांसाठी दुसऱ्याला देता येते, पण ती सोडायची कल्पनाही कुणी करत नाही. हा नियम कुणा सरकारी बाबूच्या डोक्यातून आलेला नाही, म्हणून तो बदलेल अशी वाट पाहू नका.

आता दुसरी अडचण, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही तिथे राहणार कुठल्या परवान्यावर? कुक बेटं १९६५ पासून स्वतःचा कारभार स्वतः पाहतात, न्यूझीलंडशी जोडलेली राहून. तिथल्या लोकांना न्यूझीलंडचं नागरिकत्व असतं, चलनही न्यूझीलंडचा डॉलर. (जोडीला त्यांची स्वतःची तीन डॉलरची नोट आणि दोन डॉलरचं त्रिकोणी नाणं आहे. मुलीसाठी आणलं नसेल तर पुढच्या वेळी आणा.) पण हा रस्ता एकेरी आहे. त्यांना ऑकलंडला येऊन कायमचं राहता येतं, न्यूझीलंडच्या नागरिकाला मात्र रारोटोंगाला राहायला परवाना लागतो. त्यामुळे बहीण ऑकलंडला आहे याचा उपयोग मुक्कामाला आणि लोणच्याला, बाकी काही नाही.

पर्यटक म्हणून परतीचं तिकीट आणि राहायची सोय दाखवली की ३१ दिवस मिळतात. अर्ज करून ती मुदत काही महिने वाढवता येते, पण तिथे राहायलाच जायचं तर काम हवं, आणि तेही तिथल्या कुणीतरी दिलेलं. मालकाला आधी दाखवावं लागतं की हे काम करायला स्थानिक माणूस मिळाला नाही. मग परवाना निघतो आणि तो त्या नोकरीला बांधलेला असतो. हॉटेलांत, दुकानांत, बांधकामावर तुम्हाला फिजी, फिलिपिन्स, इंडोनेशियाची माणसं दिसली असतील, ती अशीच आलेली. नोकरी गेली की मुक्काम संपला. कायमचं राहण्याचा हक्क अनेक वर्षांनी मिळतो, तोही मोजक्यांना.

लॅपटॉपचं म्हणाल तर इंटरनेटची आता अडचण नाही. २०२० मध्ये समुद्राखालची केबल आली आणि बेट जगाशी बऱ्यापैकी जोडलं गेलं. अडचण घड्याळाची आहे. रारोटोंगा भारताच्या साडेपंधरा तास मागे. पुण्यात सोमवारी सकाळी दहाला तुमची मीटिंग सुरू होते तेव्हा तिथे रविवारची संध्याकाळ, साडेसहा. पुण्यात सातला लोक लॅपटॉप मिटतात तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन. म्हणजे ज्या निळ्या पाण्यासाठी जायचं, ते दिसतं त्या वेळात तुम्ही झोपलेले असणार. आठवड्याचे पाच दिवस. शिवाय कंपनी त्या देशातून काम करू देईल का, कर कुठे भरायचा आणि पर्यटकाच्या मुक्कामात बाहेरच्या कंपनीचं काम करणं चालतं का, हे तिन्ही लेखी घ्या. पहिलं तुमच्या एचआरकडून, दुसरं सीएकडून, तिसरं त्यांच्या इमिग्रेशन खात्याकडून. चहा पिताना कुणी "चालतं हो" म्हणाला, तर ते उत्तर धरू नका.

साताऱ्याला आईजवळ राहून लॅपटॉपवर हेच काम होतं का, असं विचारायचा मोह मी आवरते.

रविवारचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबते, कारण आठवडाभराच्या पाहुण्याला तो निवांत वाटतो आणि राहणाऱ्याला तो समजून घ्यावा लागतो. रविवारी तिथे बहुतेक सगळं बंद. बायका पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर विणलेल्या टोप्या घालून चर्चला जातात आणि साथीला एकही वाद्य नसताना असं गातात की छप्पर हलेल. १८२३ मध्ये मिशनरी तिथे पोहोचले. बेटावर उतरून प्रचाराला पहिल्यांदा राहिला तो गोरा नव्हता, ताहितीकडच्या रायआटेआ बेटाचा पापेइहा होता. तेव्हापासून गावाची घडी चर्चभोवती बसली आहे. २००८ मध्ये कुक बेटांतल्याच आइतुताकी बेटावर रविवारची विमानं सुरू झाली, तर लोक फलक घेऊन विमानतळावर उभे राहिले. तुम्ही घरात गणपती बसवाल, त्याला कुणी आडकाठी करणार नाही. पण तुमच्या गावच्या चर्चमध्ये कधीच पाऊल ठेवलं नाहीत, कुणाच्या मयताला गेला नाहीत, गावजेवणाला हातभार लावला नाहीत, तर दहा वर्षं राहूनही तुम्ही पर्यटकच. रारोटोंगाची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास आहे. आपल्याकडे एवढी माणसं मोठ्या गावात असतात. कोण कुणाशी बोललं, कोण चर्चला आलं नाही, ही बातमी बसच्या आधी पलीकडच्या गावात पोहोचते. पुण्यात तुम्हाला बिल्डिंगमधले शेजारी नावाने माहीत नसतील. तिथे तुम्हाला अख्खं बेट नावाने ओळखेल. शांततेच्या शोधात जाणाऱ्याला हे आधी कळलेलं बरं.

जेवणाची चिंता कमी करा. अळू तिथे घरोघरी असतं, पानं नारळाच्या दुधात शिजवतात, त्याला रुकाऊ म्हणतात. वर आंबट आणि शेंगदाणे नाहीत म्हणून आपल्या फदफद्याची आठवण येईल, पण चालेल. नीरफणस आहे, नारळ आहे, पपई आहे. शनिवारी आवारुआच्या, म्हणजे तिथल्या मुख्य गावाच्या, पुनांगा नुई बाजारात सकाळी लवकर गेलात तर ताजी भाजी मिळते. खाडीतले मासे मात्र कुणा जाणत्याला विचारल्याशिवाय खाऊ नका, प्रवाळातल्या काही माशांमधून विषबाधा होते आणि ती शिजवून जात नाही. तूरडाळ, कांदे, गॅस, औषध, स्कूटरचा टायर, सगळं जहाजाने किंवा विमानाने येतं आणि त्याच हिशेबाने महाग असतं. जहाज लांबलं की दुकानातली फळी रिकामी.

नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस. १९८७ च्या जानेवारीत सॅली नावाच्या वादळाने आवारुआची दाणादाण उडवली. २००५ मध्ये फेब्रुवारी-मार्चच्या पाचएक आठवड्यांत त्या बेटांजवळून पाच वादळं गेली. दरवर्षी असं होत नाही. पण ज्या रस्त्याच्या कडेला तुम्हाला घर हवंय तो समुद्राला लागूनच आहे.

एकटेपणाने बेटावर राहायची हौस तुमच्याआधीही अनेकांना होती. टॉम नील नावाचा न्यूझीलंडचा माणूस याच देशातल्या सुवारो या निर्मनुष्य बेटावर १९५२ मध्ये जाऊन राहिला. कोंबड्या, भाजीचा मळा, मासेमारी, सगळं जमवलं. १९५४ मध्ये एके दिवशी नांगर फेकताना पाठ अशी धरली की त्याला जागेवरून हलता येईना. चार दिवसांनी योगायोगाने एक शिडाची बोट तिथे आली म्हणून तो वाचला. पुढे तो पुन्हा दोनदा तिथे जाऊन राहिला, हट्टी होता. पण पहिल्यांदा गेला तेव्हा त्याच्या मागे बायको-मुलगी दाराशी उभी नव्हती आणि साताऱ्याला आई नव्हती.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, ताईंनी नाहीच म्हटलं. थांबा. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही मधेच टाकून पुढे गेलात. तुमच्या पत्नी फिजिओथेरपिस्ट आहेत.

अशा बेटावर बाहेरच्या माणसाला जागा मिळते ती पैशाने नाही, गरजेने. सॉफ्टवेअरवाला पुण्यातून काम करणार, पुण्याचा पगार घेणार, त्याची तिथे कुणाला गरज नाही. उलट आधीच कमी असलेल्या भाड्याच्या घरांतलं एक घर तो अडवणार. आरोग्याचं काम करणारा माणूस मात्र लहान देशांना हवा असतो. रारोटोंगाला एक हॉस्पिटल आहे. तज्ज्ञ डॉक्टर न्यूझीलंडहून ठरावीक काळाने येऊन जातात आणि गंभीर पेशंटला विमानाने ऑकलंडला आणावं लागतं. तिथली शिकलेली माणसं मोठ्या पगारासाठी इकडे येतात. कुक बेटांची म्हणवणारी ८० हजारांहून जास्त माणसं एकट्या न्यूझीलंडमध्ये आहेत आणि तिकडच्या पंधरा बेटांवर मिळून उरलीत पंधरा हजार. १९९६ मध्ये सरकार कर्जात बुडालं, निम्म्याहून अधिक सरकारी नोकर घरी गेले, तेव्हा तर विमानं भरून माणसं निघाली. त्यामुळे कामाचा करार कुणाला मिळण्याची शक्यता असेल, तर ती तुमच्या पत्नीला आहे. जागा आत्ता रिकामी आहे की नाही, भारतातली पदवी त्यांना चालते की आधी न्यूझीलंडची नोंदणी लागते, हे त्यांच्या आरोग्य खात्याला विचारावं लागेल. त्या खात्याचं नाव ते मराए ओरा. ते पत्र लिहायचं तर तुमच्या पत्नीने लिहायचं, तुम्ही नाही.

आणि इथे माझा तुम्हाला प्रश्न. करार त्यांच्या नावावर निघाला तर तुम्ही त्यांच्यासोबत आलेले. सकाळी पत्नी हॉस्पिटलला जाणार, गावात त्यांना लोक ओळखणार, घरभाडं त्यांच्या पगारातून. तुम्ही मुलीला शाळेत सोडणार, अळू निवडणार आणि काम करायला वेगळा परवाना मिळेपर्यंत हात बांधून बसणार. हे तुम्हाला चालेल? चालत असेल तर तुम्हाला खरंच बेटावर राहायचंय. चालत नसेल तर तुम्हाला नोकरीचा कंटाळा आलाय, आणि त्यावर इतकं लांब न जाताही इलाज सापडतील.

पण त्याआधी "तू म्हणशील तसं" याचा अर्थ त्यांना विचारा. मी वर्षानुवर्षं अशी पत्रं वाचते. नवरा "तिची काही हरकत नाही" असं लिहितो त्याच पाकिटात बहुतेक वेळा हरकत असते. तुम्ही निदान उत्साह नाही हे प्रामाणिकपणे लिहिलंत. त्यांची प्रॅक्टिस आहे, पेशंट आहेत, कदाचित त्यांचेही आईवडील आहेत ज्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही.

मुलीचं थोडक्यात सांगते. तिथे माध्यमिक शिक्षण न्यूझीलंडच्या पद्धतीचं आहे, तेरेओरा कॉलेज ही तिथली मोठी शाळा, इंग्रजी चालतं, मुलं लवकर आपलंसं करतात. प्रश्न अठराव्या वर्षी येतो. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी न्यूझीलंडच्या नागरिक म्हणून ऑकलंडला कॉलेजात जातील. तुमची मुलगी भारतीय पासपोर्टवर परदेशी विद्यार्थिनी म्हणून फी भरेल आणि ती फी कित्येक पटींनी जास्त असते. सहा वर्षांनी ती इकडे, आई साताऱ्याला आणि तुम्ही दोघं मधल्या समुद्रात, असं चित्र आहे. पैशाची तजवीज आजपासून करता येते, पण चित्र माहीत असू द्या.

आता आई. तुम्ही विचारलंत, कसं पटवू. पटवू नका. त्या सातारा सोडणार नाहीत असं त्यांनी सांगितलंय, विषय मिटला. तुम्हाला खरं तर त्यांची परवानगी हवी आहे, म्हणजे नंतर मन खाणार नाही. ती त्यांच्याकडून काढून घेणं मला योग्य वाटत नाही. उद्या त्या "जा" म्हणतीलही, आया म्हणतातच. त्याऐवजी हिशेब मांडा. रारोटोंगाहून ऑकलंड चार तास, तिथून सिंगापूर किंवा तसंच कुठेतरी, मग मुंबई, मग सातारा. लगेच तिकीट मिळालं तरी दीड दिवस, आणि वाटेत दिनांकरेषा ओलांडताना कॅलेंडरमधला एक दिवस आणखी जातो. रात्री दोनला आईला छातीत दुखलं तर फोन कुणाला लागणार? गाडी कोण काढणार? हॉस्पिटलात सही कोण करणार? तीन नावं लिहा, त्या तिघांशी स्वतः बोला, आणि मग ती यादी घेऊन आईकडे जा. त्या यादीवर त्यांचं काही म्हणणं असेल तर ते ऐका. तीन नावं जमलीच नाहीत, तर निदान सध्यापुरतं उत्तर मिळालं.

फ्लॅट विकायचा विषय वर्षभर काढू नका. भाड्याने द्या फार तर. भाडेपत्राच्या घरासाठी मालकीचं घर विकणं मला कुठल्याच देशात पटत नाही.

आणि एकदा पुन्हा जाऊन या, पण या वेळी फेब्रुवारीत. उकाडा, पाऊस, डास, कदाचित वादळाचा इशारा. डेंग्यू तिथेही असतो. मुरीच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये उतरू नका. आतल्या बाजूला साधी खोली घ्या, पूर्ण ३१ दिवस. गेल्या खेपेला काचेसारखं पाहिलंत त्या मुरीच्या खाडीत सांडपाण्यामुळे काही वर्षं शेवाळ माजलं होतं, त्यावर लोक सभांमध्ये भांडलेत. जमलं तर अशा एखाद्या सभेला मागे बसून या. पत्नीला हॉस्पिटलमधल्या माणसांना भेटू द्या. मुलीची परीक्षा असेल म्हणून ती येणार नसेल, तर मुक्कामाचे दोन भाग करा, पण तिला न विचारता ठरवू नका.

जाताना ऑकलंडला बहिणीकडे उतरणार असाल तर न्यूझीलंडचा व्हिजिटर व्हिसा काढा. नुसत्या ट्रान्झिट व्हिसावर विमानतळाबाहेर पडता येत नाही. आणि तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते अर्ज भरतानाच पाहा, कारण परत येताना तुम्ही पुन्हा ऑकलंडवरूनच येणार.